कोरडा दिवस आणि आप्पांची होडी

आमच्या घरमालकांच्या होडीचं बूच मी काढलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्या विक्षिप्तपणाबद्दल काही लिहिलं तर वाचणाऱ्याने मला साळसूद समजू नये. बूच काढलं, ते उंदरावर ढकललं आणि वर अडीच महिने त्यांच्याच घरचं ताक पीत राहिले.

मी तेव्हा सांगलीत आरोग्यसेविका म्हणून नव्यानेच रुजू झाले होते. नदीपासून हाकेच्या अंतरावर एक कॉलनी होती, तिथे वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं. एकट्या बाईला खोली देताना घरमालक काय काय विचारतात याची मला चांगलीच सवय झाली होती. गाव कुठलं, आडनाव काय, मटण खाता का, भेटायला कोण कोण येतं. इथे दार उघडलं ते काटकुळ्या, सत्तरीच्या आसपासच्या, डोक्याला गोल पांढरी टोपी घातलेल्या माणसाने. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पवता येतंय का?"

मी वाईची. घाटावर वाढलेली. म्हटलं, "येतं की."

"शिट्टी मारायची सवय हाय का?"

"नाही."

"गाठ कुठली कुठली मारता येती?"

"साडीची," मी म्हटलं. तेवढ्यात आतून मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आवं, पोरीला खोली द्यायची हाय, भरती न्हाई करायची." मला खोली मिळाली. गाठींची परीक्षा पुढच्या रविवारी झालीच. त्यात मी नापास झाले.

हे आप्पा. एकाहत्तरच्या लढाईत नौदलाच्या एका लहानशा लाकडी गस्ती जहाजावर होते. मूळचे आटपाडीकडचे. सात पिढ्या मेंढरांमागे फिरलेलं घर. हंडाभर पाण्यासाठी दोन कोस चालणाऱ्या गावातला हा पोरगा नौदलात कसा गेला, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "भरतीवाला म्हनला, तितं पानी लय हाय. म्या लगीच अंगठा पुढं केला. गेलो तर काय, समदं खारं! येवढं पानी आन् प्यायला घोट न्हाई. म्हनलं, गड्या, ह्यो तर आपलाच तालुका हाय."

नौदलातून सुटल्यावर त्यांनी साखर कारखान्यात नोकरी केली, सांगलीत घर बांधलं, पण जहाजावरून मात्र ते कधी उतरले नाहीत. रोज सकाळी गच्ची नारळाच्या शेंडीने घासायचे, तीही फक्त अर्ध्या बादलीत. घरातली प्रत्येक वस्तू दोरीने कशाला तरी बांधलेली असायची. ताकाची रवी, टीव्हीचा रिमोट, देवघरातली घंटासुद्धा. जहाज हलतं ना! जहाजावर शिट्टी मारली की वारा खवळतो म्हणून घरात शिट्टीला बंदी. मग मावशींच्या कुकरचं काय? त्यावरून दोघांचं चाळीस वर्षं भांडण चाललेलं. "मग डाळ काय मी फुंकर घालून शिजवू?" असं म्हणत मावशी शेवटी कुकर मागच्या अंगणात नेऊन लावायच्या. अंगण जहाजात धरायचं नाही, असा तह झाला होता.

कॉलनीतले सगळे त्यांना कप्तान म्हणत. ते दर वेळी दुरुस्ती करत. "कप्तान न्हवं. म्या डेक घासायचो." पण लोकांना कप्तानच हवा होता. सगळ्यात जास्त हवा होता तो शेजारच्या गुरुजींना. हे निवृत्त मुख्याध्यापक आणि कॉलनीच्या सोसायटीचे सचिव. अर्ज लिहिण्याचा त्यांना भारी नाद. एका पंधरा ऑगस्टला त्यांनी आप्पांना मुलांसमोर उभं केलं आणि स्वतःच विचारलं, "कप्तान, युद्धात आपण किती शत्रू मारले?"

"एक बी न्हाई," आप्पा म्हणाले. "ढेकनं लय मारली."

मुलं खूश झाली, गुरुजींचा चेहरा पडला. जहाज लाकडाचं का होतं, एवढं तरी सांगा, असं ते म्हणाले. तेव्हा आप्पांनी नीट समजावून सांगितलं. शत्रू बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग टाकून ठेवतो. लोखंडी जहाज जवळ आलं की त्या सुरुंगाला ते कळतं आणि तो फुटतो. लाकडाचं जहाज त्याला कळत नाही. म्हणून मोठी जहाजं आत-बाहेर करायच्या आधी ही लाकडी पोरं पुढे जाऊन वाट बघून यायची. "समदी म्हनायची, लाकडाचं हाय, बुडत न्हाई. आरं, लाकूड बुडत न्हाई, पर त्याच्या फटी बुडीवत्यात," एवढं बोलून ते खाली बसले. त्यांचं भाषण तिथेच संपलं. फटीबद्दल ते जास्त बोलत नसत हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आता होडी. नदीच्या वरच्या अंगाला एका गावी पूल झाला आणि तिथली तर, म्हणजे होडीने नदी पार करायची सोय, बंद पडली. तेव्हा तिथली जुनी सागवानी होडी आप्पांनी आणली आणि जिथे लोक चारचाकी लावतात तिथे, गेटच्या आत, दगडांच्या दोन ओट्यांवर चढवून ठेवली. वर पत्र्याची शेड. इथवर कॉलनीने सोसलं. पण पाडवा उलटला की आप्पा त्या होडीत वीतभर पाणी भरून ठेवायचे, थेट पाऊस येईपर्यंत. मे महिन्यात कॉलनीत दिवसाआड टँकर यायचा, बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या असायच्या आणि हा माणूस आपल्या वाटणीच्या दोन बादल्या होडीत ओतायचा. दोन बादल्यांत स्वतःची आंघोळ, कपडे आणि होडी. बहुतेक वेळा आंघोळ गळायची.

"आप्पा, होडी पाण्यात असते. पाणी होडीत नसतं," मी एकदा म्हटलं.

त्यांनी मला बाजूला बसवलं. "उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वढ्यात का बुडवून ठेवत्यात?"

"लाकूड सुकतं. मग चाकावरची लोखंडी धाव ढिली होते."

"आन् वलं केलं की?"

"फुगतं. घट्ट बसतं."

"मंग ही काय येगळी हाय? एक उन्हाळा सुकली की फळ्या फाकल्या. पाऊसकाळात नदी दारात आली तर काय करनार हायेस तू? बादलीत बसून जानार?"

मला पटलं. अडचण एवढीच होती की माझी नोकरीच पाणी ओतून टाकण्याची होती. घरोघर जायचं, बॅरल, कुंड्या, कूलर, टायर तपासायचे, डासांच्या अळ्या दिसल्या की पाणी रस्त्यावर ओतायचं आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायचं. मी हे गल्लीभर सांगत फिरायचे आणि माझ्या स्वतःच्या दारात अख्खी होडी भरलेली. लोक थोडेच सोडतात! "बाई, आधी तुमच्या आरमाराचं बघा," एक बाई म्हणाल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आप्पांनी आपल्या परीने मार्ग काढला. आमच्याच दवाखान्यातून गप्पी मासे आणून होडीत सोडले. मासे अळ्या खातात, सरकारही तेच सांगतं. आठ दिवस सगळं झकास चाललं. मग एका खंड्याला हा पत्ता लागला. तो रोज सकाळी शेडच्या आडव्या बांबूवर येऊन बसायचा आणि एक एक मासा उचलायचा. आप्पा गच्चीवरून टाळ्या वाजवायचे, मावशी पदर हलवायच्या, पण पाखरू ढिम्म हलायचं नाही. पंधरा दिवसांत मासे संपले. त्याच सुमारास कॉलनीत दोघांना डेंग्यू झाला. गुरुजींनी अर्ज लिहिला. दोन पानी, मुद्देसूद, शेवटी "आरोग्यसेविका स्वतः सदर घरात वास्तव्यास असूनही" असं वाक्य. आरोग्य खात्यातल्या माझ्या साहेबांनी मला बोलावून तो अर्ज वाचून दाखवला आणि पुढच्या सोमवारी स्वतः पाहणीला येतो म्हणाले. मी अजून कायम झाले नव्हते.

मी आप्पांना विनवलं. आठच दिवस रिकामी ठेवा म्हटलं. "तू म्हन, म्या घर खाली करतो," ते म्हणाले. "होडी न्हाई."

त्याच शुक्रवारी दोघं गावच्या जत्रेला आठ दिवसांसाठी आटपाडीला गेले. किल्ल्या माझ्याकडे होत्या. शनिवारी सकाळी, भर उजेडात, मी होडीच्या बुडाचं लाकडी बूच काढलं. पाणी अंगणातून गटाराकडे निघालं आणि मला फार बरं वाटलं. हे खोटं कशाला सांगू? सोमवारी साहेब आले, कोरड्या होडीत वाकून पाहिलं, शाबासकी देऊन गेले. पुन्हा पाणी भरायचं मी ठरवलं होतं. पण टँकर चुकला, मग दौरे लागले, आणि आठ दिवस ती होडी मेच्या उन्हात, तापल्या पत्र्याखाली तशीच राहिली.

आप्पा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी बोटाच्या पेराने होडीवर टकटक केलं. मग आत वाकले. फळ्यांच्या मधून खालची जमीन दिसत होती.

"उंदरानं बूच कुरतडलं असेल," मी जिन्यावरूनच म्हटलं. मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांनी आधी खुंटीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आसंल," ते म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला मावशींनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. ओली गोणपाटं होडीभर अंथरायची, दिवसातून चार वेळा भिजवायची, फटीत कापूस ठोकायचा, वर डांबर. मी टँकरच्या रांगेत उभी राहून माझ्या वाटणीची बादलीही त्यांना द्यायला लागले. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे पोरी, तुला कामावर जायचं असतंय." मला ते टोचायचं. कितीदा तरी सांगायला म्हणून मी खाली आले आणि ताक पिऊन वर गेले.

मग ऑगस्ट आला आणि नदी खरोखरच दारात आली. कोयनेतून पाणी सोडलेलं, वरून पावसाची धार. पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, याशिवाय गावात दुसरा विषय नव्हता. कॉलनी रिकामी झाली. मावशींना आप्पांनी आदल्याच दिवशी नातेवाइकांकडे पाठवलं होतं. मी ड्यूटी म्हणून थांबले होते, आप्पा होडी म्हणून. आणि गुरुजी थांबले होते अनुभव म्हणून. "आजवर पाणी आमच्या तिसऱ्या पायरीच्या वर आलेलं नाही," असं ते सगळ्यांना सांगत होते. सकाळी नऊ वाजता गुरुजी गच्चीवरून हाका मारत होते, शेजारी त्यांच्या पत्नी, पाय प्लास्टरमध्ये. तिसरी पायरी पाण्याखाली कुठे होती तेही दिसत नव्हतं.

रबरी बोटी नदीकाठच्या गल्ल्यांत अडकल्या होत्या, आमच्याकडे यायला दुपार होईल असा निरोप होता. आप्पांनी वाट पाहिली नाही. होडी ओट्यांवरून आपसूक उचलली गेली होती, गेट उघडायचीही गरज पडली नाही, त्याच्यावरूनच आम्ही बाहेर पडलो. आप्पांच्या हातात लांब वासा. गुरुजींच्या जिन्याला होडी लावली, दोघांना उतरवून घेतलं आणि पाचच मिनिटांत माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते.

"कप्तान," गुरुजी ओरडले, "ही गळतेय!"

"गळनारच," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे बादली सरकवली. "उपस."

मी उपसायला लागले. जेवढं बाहेर टाकत होते तेवढंच आत येत होतं. हमरस्ता, जिथे ट्रक उभे होते, तो अजून दोन गल्ल्या दूर होता. गुरुजींच्या पत्नीने प्लास्टरचा पाय फळीवर घेतला आणि डोळे मिटून घेतले. मला रडू येत होतं. हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं आणि ते मला एकटीलाच माहीत आहे असं मला वाटत होतं.

"बुडेल का हो?" गुरुजींनी विचारलं.

"लढाईत तेरा दिस न्हाई बुडलं आमचं. हे तर अर्ध्या तासाचं हाय." आप्पांनी वासा टेकवला, ढकलला आणि आमच्याकडे न बघताच बोलायला लागले. "म्या लढाईत बंदूक धरलीच न्हाई गुरुजी. तेरा दिस बादली धरली. दिवाळीच्या आधी आमचं जहाज दुरुस्तीला यार्डात वर काडलं व्हतं. लाकूड सुकू नये म्हनून त्याच्यावर दिसरात पाइपानं पानी सोडायचे. दिवाळीत समदे सुट्टीवर. नळाची ड्यूटी माझ्या जोडीदाराची, केरळचा पोरगा व्हता. त्यो झोपला की म्या जायाचो आन् नळ बंद करायचो. चार दिस. मला बघवायचं न्हाई वो. आमच्याकडं मानसं घोटासाटी तडफडत्यात आन् हितं लाकडावर पानी वतत्यात. त्ये खारं हाय, समुद्राचंच हाय, येवढं चाखून बी बघितलं न्हाई म्या."

वासा पुन्हा टेकला. होडी वळली.

"फळ्या फाकल्या. लढाई तोंडावर आली म्हनून तसंच पान्यात सोडलं. सायबानं विचारलं, नळ कुनी बंद केला? ड्यूटी त्या पोराची, आळ बी त्याच्यावर. म्या गप. लढाई सरल्यावर समद्यास्नी सुट्टी मिळाली, त्याची तेवडी कापली. बहिनीच्या लग्नाला जायाचं व्हतं त्याला. न्हाई गेला." वासा पाण्यातून ओढत ते म्हणाले, "दर साली फोन करतो मला. म्या हवापानी इचारतो आन् ठिवतो. पन्नास वर्सं झाली बग पोरी. गप बसायची बी सवय लागती."

माझी बादली थांबली होती. "आप्पा, बूच मी काढलं होतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "उंदीर बूच धुऊन खुट्टीला टांगत न्हाई. पानी उपस."

गुरुजी एकदा माझ्याकडे, एकदा आप्पांकडे बघत होते. त्यांना आपला अर्ज आठवला असावा. त्यांनी पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढला, त्यातलं भडंग पत्नीच्या पदरात रिकामं केलं आणि माझ्यासमोर बसून पाणी उपसायला लागले. आम्ही हमरस्त्याला लागलो तेव्हा होडीत गुडघाभर पाणी होतं. गुरुजींच्या पत्नीला ट्रकमध्ये चढवलं, मग गुरुजी चढले. आप्पा होडी विजेच्या खांबाला बांधत होते आणि नेहमीपेक्षा दोन गाठी जास्त मारत होते.

पूर ओसरला. घरात मांडीएवढा गाळ. चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही तिघं तो खरवडत होतो, तेव्हा आप्पा एकदम म्हणाले, "तुझा फोन दे." त्यांचा पाण्यात गेला होता. केरळच्या जोडीदाराचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, लावला मात्र कधीच नव्हता. हात चिखलाने भरलेले, म्हणून मी लावला आणि स्पीकरवर टाकला. आप्पा टोपी नीट करून उभे राहिले.

पलीकडून घोगरा, म्हातारा आवाज आला. आटपाडीवाला बोलतोय म्हटल्यावर तो माणूस आनंदाने ओरडलाच. पाणी उतरलं का, घर आहे का, सगळं हिंदीतून विचारून झालं.

"सुन," आप्पा म्हणाले. "वो नल मैंने बंद किया था."

"कौन सा नल?"

"यार्ड का. दिवाली में."

पलीकडे तो माणूस हसला. "छोड ना. वो तो मैंने ही किया था."

"नहीं रे. मैंने."

"अरे, मेरे को याद है! नींद में था मैं, मेरे हाथ से हुआ. साहब ने तीन दिन पूछा, तब मेरे को याद आया. घर में सबको बताया है मैंने."

आप्पा मटकन ओल्या पायरीवर बसले. स्वतः न केलेली चूक पलीकडच्या माणसाने पन्नास वर्षं आपली म्हणून सांभाळली होती, तिची आठवणसुद्धा तयार केली होती. आप्पा पुन्हा उठले आणि मोठ्याने भांडायला लागले. तुझं नव्हतं, माझं होतं. चार दिवस कसं बंद केलं, कुठून आलो, कुठून गेलो, सगळं सांगितलं. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पलीकडचा आवाज हळूहळू हसायचा थांबला.

"बहन है अभी?" आप्पांनी विचारलं.

"है. इधर ही बैठी है."

"उसको फोन दे."

फोन हातातून हातात गेल्याचा खडखडाट झाला. आप्पा दोन्ही टाचा जुळवून सरळ उभे राहिले, चिखलात, आणि कधीही न पाहिलेल्या त्या बाईला म्हणाले, "बहनजी, आपकी शादी में भाई नहीं आया, वो मेरे कारण. नल मैंने बंद किया था. आपका भाई सच्चा आदमी है."

तिला हिंदी किती कळलं कोण जाणे. भावाने बाजूने काहीतरी समजावलं असावं. मग ती बोलायला लागली. मल्याळममध्ये. आधी हळू, मग चढ्या आवाजात, मध्येच रडत, मध्येच बहुतेक शिव्याही देत. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. आप्पा टोपी काढून उभे होते आणि दर थोड्या वेळाने "व्हय" म्हणत होते. "व्हय. व्हय." पंधरा-वीस मिनिटं तरी हे चाललं असेल. त्यांनी फोन ठेवायची घाई केली नाही. तिनेच ठेवला.

"काय म्हनली?" मावशींनी विचारलं.

"लय बोलली," आप्पा म्हणाले आणि खोरं उचललं. "पन्नास वर्सांचं व्हतं."